मॉनिटरवरचा हिरवा ठिपका: दाबायचा की सोडून द्यायचा?

रावेरकर

नवा चोवीस इंची मॉनिटर घेऊन आठवडाही झाला नाही आणि उजव्या कोपऱ्याकडे एक हिरवा ठिपका निघाला. मी केळीच्या गाड्यांचा हिशेब पाहतो, पांढऱ्या पानावर तो मला दिसतही नाही. पोरगा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. रात्रीच्या वरातीच्या काळ्या आभाळात त्याला तोच एक तारा दिसतो. काल बघतो तर गडी पेन्सिलीच्या मागच्या रबराने पडदा दाबत बसलेला, दाबलं की ठिपका जातो म्हणे. "काय करी राहिना भो!" म्हणून ओरडलो.

माझं मत: दाबू नये. आधी ठिपका कशाचा ते ओळखा. खिडकी सरकवून बघा. ठिपका तिच्याबरोबर सरकला तर तो फाईलमधला. स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाहा. तिथेही दिसला तर दोष ग्राफिक्सचा, पडद्याचा नाही. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे कोरे रंग पूर्ण पडद्यावर आणा. आमचा काळ्यावर हिरवा दिसतो आणि पांढऱ्यावर गायब होतो, म्हणजे हिरवा उपपिक्सेल (एका पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग असतात, त्यातला एक) उघडाच अडकलाय. प्रत्येक रंगावर काळाच राहिला तर पिक्सेल मेला. आणि कडा धूसर असलेला, बाजूने पाहिलं की जागा बदलल्यासारखा वाटणारा ठिपका असेल तर बहुतेक आत धूळ नाहीतर चिलट. केळीच्या पट्ट्यात चिलटांना तोटा नाही. ते दाबलं तर आतच चिरडून कायमचं चिकटतं.

अमळनेर_डीटीपी

दादा, हिशेबाला चालतं ते आम्हाला चालत नाही. मागे एका पत्रिकेचं प्रूफ पूर्ण पान लहान करून स्क्रीनवर वाचलं. 'शुभमंगल' बरोबर दिसलं. छापून आली 'शुभमगल'. अनुस्वार टाईपच झाला नव्हता, त्या 'म'च्या डोक्यावर नेमका काळा पिक्सेल बसला होता. वरबापाने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

त्यामुळे मी दाबणाऱ्यांच्या पक्षात. मॉनिटर बंद करायचा, ओलसर मऊ कापड घडी करून ठिपक्यावर ठेवायचं, बोथट टोकाने पाच-दहा सेकंद अलगद दाब द्यायचा आणि दाब असतानाच मॉनिटर सुरू करायचा. माझ्याकडचे दोन ठिपके असेच सुटले. पोराला ओरडू नका. फक्त त्याने चालू पडद्यावर दाबलं, तेवढं चुकलं.

भुसावळ_रिपेअर

डीटीपी भाऊ, तो 'म'वरचा काळा दाबून सुटला का? सुटला नसणार.

दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो, मागून दिवा सतत जळत असतो. स्फटिक वळतात तसा उजेड कमी-जास्त होतो आणि प्रत्येक उपपिक्सेलमागे एक बारीक ट्रान्झिस्टर असतो. फुल एचडीत २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे ६२,२०,८०० उपपिक्सेल. त्यातला एखादा ट्रान्झिस्टरच गेला तर कापड ठेवा नाहीतर अंगारा लावा, काही होत नाही. पडद्याच्या पॅनलच्या जाती असतात: जुन्या टीएन जातीला वीज मिळाली नाही की उपपिक्सेल उजळ राहतो, आयपीएस जातीला काळा राहतो. तेव्हा आयपीएसवर हिरवा पेटून राहिलाय तर तिथे विद्युतदाब पोचतोय, फक्त नको तेव्हा. असा अडकलेला कधी सुटतो, कधी महिनाभराने आपणच जातो. तुमचे दोन दाबल्यामुळे गेले की जायचेच होते, कसं ठरवणार?

आणि माझ्या टेबलावर दाबून बिघडवलेलेच येतात: एका ठिपक्याच्या जागी रुपयाएवढा पांढुरका डाग. बदली पॅनलची किंमत ऐकली की गिऱ्हाईक मॉनिटर उचलून घरी जातं. मोबाईलचा ओएलईडी असेल तर विषयच संपला, त्यात द्रवस्फटिकच नसतात.

चोपडेकर

मे महिन्यात ४५ अंशात घराच्या धाब्यावर ठेवा. पापड वाळतात तिथे ठिपका काय टिकतो!

भुसावळ_रिपेअर

भाऊ, गंमत म्हणून ठीक, पण कोणीतरी खरंच ठेवेल. तापला की स्फटिकांची रचना मोडून पडदा काळा पडतो, उन्हाने वरची पोलरायझरची, म्हणजे उजेड गाळणारी फिल्मही खराब होते.

धुळेकर_ग्राहक

तुम्ही सगळे दाबण्यावर भांडताय, आणि विकणारा आरामात बसलाय. रावेरकर, तुमचं 'सोडून द्या'सुद्धा मला पटत नाही. पूर्ण पैसे मोजले ना? पण वॉरंटीचा कागद आधी वाचा. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या आंतरराष्ट्रीय मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनलला दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम उजळ, २ कायम काळे आणि ५ उपपिक्सेल दोष माफ होते. म्हणजे फुल एचडीवर असे दहा उपपिक्सेल अडकले तरी कागदोपत्री माल चोख. २००८ मध्ये त्याच्या जागी ९२४१-३०७ आलं, वर्गांची पद्धत तशीच राहिली. काही कंपन्या महागड्या मॉडेलवर एकही उजळ ठिपका चालणार नाही अशी हमी देतात, बाकीच्या आकडा ठरवून ठेवतात. तुमचा एक ठिपका वॉरंटीत बसेल याचा भरवसा नाही. परत करायची मुदत मात्र वॉरंटीपेक्षा वेगळी असते, ती धरा. आणि त्याआधी रबराची खूण उमटवून ठेवू नका.

रावेरकर

अडकलेला उपपिक्सेल सुटावा म्हणून रंग भराभर बदलणारं पान उघडून ते छोटं चौकट ठिपक्यावर ठेवलं, चार तास फिरवलं. शेजारच्यांना वाटलं घरात डीजे लावलाय. ठिपका आहे तिथेच.

पोराचं म्हणणं आता असं, की भुसावळवाले भाऊ दाबून बिघडलेलेच बघतात, सुधारलेला घेऊन त्यांच्याकडे जाईल कोण? मला उत्तर सुचलं नाही.

भुसावळ_रिपेअर

बरोबर बोलला पोरगा. पण पांढरा डाग पडला की मुदत असून परतही घेणार नाहीत, हेही त्याला सांगा.

अमळनेर_डीटीपी

तो काळा नाही सुटला, कबूल. तो मॉनिटर बिलिंगला लावलाय. सुटलेले दोन्ही लाल होते. प्रूफ आता पान वर-खाली सरकवून दोनदा वाचतो. दाबण्याबद्दलचं मत तेच आहे.

रावेरकर

मुदत शनिवारपर्यंत निघाली. दुकानदार म्हणतो मूळ खोकं आणि थर्माकोल लागेल. खोकं माळ्यावर सापडलं. थर्माकोल पोराने गणपतीच्या मखराला कापलाय.