ट्रायकोडर्माच्या सेल्युलेजसाठी ट्वीन-८० ऐवजी ऱ्हॅम्नोलिपिड: मात्रा किती, घालायचं कधी?

फ्लास्क२५०:
ट्रायकोडर्मा रीसी आरयूटी-सी३० (सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज एंझाइम बनवणारी बुरशी). २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली मँडल्स माध्यम (बुरशीसाठी क्षारांचं द्रव खाद्य), अल्कली दिलेला उसाचा बगॅस (चिपाड) १ टक्का, ३० अंश, १५० आरपीएम. ट्वीन-८० हा नेहमीचा सर्फॅक्टंट (पृष्ठक्रियाकारक; लिटरला १ ग्रॅम) काढून स्यूडोमोनास जीवाणू वाढवलेल्या माध्यमाचा पेशी काढलेला रस सुरुवातीलाच घातला, त्यातलं ऱ्हॅम्नोलिपिड (या जीवाणूने बनवलेला सर्फॅक्टंट) अंदाजे लिटरला ५०० मिग्रॅ येईल इतका. बुरशी उशिरा आणि विरळ वाढली, फिल्टर पेपर ॲक्टिव्हिटी (सेल्युलेजची एकूण ताकद) ट्वीनच्या फ्लास्कपेक्षा कमी. पाचव्या दिवशी पीएच ३. मात्रा चुकली की पदार्थच?

कवकजाल:
दोन्ही, आणि वेळही.

कच्च्या रसात पायोसायनिन आणि इतर फेनाझिन (जीवाणूची रंगद्रव्यं) असतात. ती मुळातच बुरशीविरोधी आहेत, त्यामुळे वाढ कशाने दबली हे या फ्लास्कवरून कळणारच नाही. रसाचा पीएच हायड्रोक्लोरिक ॲसिडने २ वर आणा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, साका (खाली बसणारा गाळ) सेंट्रिफ्यूज करून घ्या. तो पीएच ७ ला विरघळवून लिटरला १० ग्रॅमचा साठा करा. पायोसायनिन बहुतेक वरच्या पाण्यात राहतं, पण फेनाझिन-१-कार्बॉक्सिलिक ॲसिड साक्यासोबत येऊ शकतं. म्हणून एका फ्लास्कमध्ये विकतचं शुद्ध ऱ्हॅम्नोलिपिड घालाच. जंतू स्यूडोमोनास एरुजिनोसा असेल तर तो रोगकारक आहे. रस आधी ऑटोक्लेव्ह करा, ऱ्हॅम्नोलिपिड ती उष्णता सोसतं.

५०० मिग्रॅ फारच झालं. इतक्यात पेशीच्या पटलावर थेट मार बसतो आणि बीजाणू उगवतानाच अडतात. २०, ५० आणि १०० मिग्रॅ लावून पाहा, तेही ३६ ते ४८ तासांनी, कवकजाल (बुरशीच्या तंतूंचं जाळं) नीट धरल्यावर. ५० मिलीत ५० मिग्रॅ प्रति लिटर हवं तर साठ्याचे ०.२५ मिली पुरे. बाकी फ्लास्कमध्ये तेवढाच नुसता बफर घाला.

पीएच ३ हा वेगळा घोटाळा आहे. अमोनियम सल्फेटमधला अमोनिया बुरशी खाते, माध्यम आंबट होत जातं. ऱ्हॅम्नोलिपिडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू विद्युतभारित असतात) साधारण ५.६, त्याच्या बऱ्याच खाली ते विद्राव्य राहत नाही, गढूळ होऊन बगॅसला चिकटतं. ट्वीनला विद्युतभारच नाही, म्हणून त्याला याची झळ लागत नाही. पीएच ५ चा ५० मिलीमोलर सिट्रेट बफर घाला आणि रोज मोजा.

ब्लँक_आधी:
वरचं सगळं मान्य, पण ॲक्टिव्हिटी वाढली तरी लगेच ‘उत्पादन वाढलं’ म्हणू नका. पृष्ठक्रियाकारकांनी बुरशीचं एंझाइम वाढतं हे रीज आणि मॅग्वायर या संशोधकांनी १९६९ मध्येच दाखवलं. तुमच्याकडे मात्र बगॅस आहे. अल्कली दिल्यावरही त्यात थोडं लिग्निन (वनस्पतीच्या भित्तीतला चिवट घटक) उरतं, सेल्युलेज त्याला आणि न पचलेल्या सेल्युलोजला धरून बसतं. सर्फॅक्टंट घातला की ते सुटून द्रवात येतं आणि आकडा चढतो, बुरशीने जास्त काही बनवलेलं नसताना.

यासाठी एक फ्लास्क वेगळा ठेवा: वाढीत काहीच नाही, काढणीच्या वेळी तीच मात्रा घालून तासभर हलवायचा, मग गाळायचा. हाही आकडा तेवढाच चढला तर तुम्ही एंझाइम फक्त सोडवलंत. चढला नाही तरच स्राव किंवा निर्मिती वाढली असं म्हणता येईल. बीटा-ग्लुकोसिडेज (सेल्युलेजमधलं शेवटचा टप्पा करणारं एंझाइम) पेशीभित्तीशी बरंच अडकलेलं असतं, म्हणून धुतलेलं कवकजालही पीएनपीजीवर (या एंझाइमने तोडल्यावर पिवळा रंग देणारा पदार्थ) तपासा.

डीएनएस या साखर मोजायच्या रंगचाचणीसाठी प्रत्येक फ्लास्कचा एंझाइम ब्लँक (फक्त एंझाइमचा द्रव, फिल्टर पेपर नाही) वेगळा. बगॅसमधून सुटलेली साखर द्रवात असतेच. प्रथिनांसाठी ब्रॅडफोर्ड ही रंगचाचणी टाळा, सर्फॅक्टंटने रंग बिघडतो. १० टक्के टीसीएने (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) साका पाडा, थंड ॲसिटोनने दोनदा धुवा, मग लोरी चाचणी.

फ्लास्क२५०:
काढणीचा फ्लास्क डोक्यातच नव्हता. जमलं तर पुढे ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये न्यायचंय. काय सांभाळू?

कवकजाल:
फेस. हवा सुरू झाली की ऱ्हॅम्नोलिपिड ट्वीनपेक्षा खूप जास्त फेसाळतं. कवकजाल फेसासोबत वर जाऊन भिंतीला वाळतं, खाली द्रव विरळ होतो आणि हवेचा फिल्टर भिजतो. एकूण ३ लिटरच भरा, मात्रा तीन हप्त्यांत द्या. सिलिकोन अँटीफोम थेंबाथेंबाने द्या. जास्त झाला तर ऑक्सिजन विरघळणं मंदावतं. तो स्वतःही पृष्ठक्रियाशील आहे, तेव्हा कंट्रोलच्या फर्मेंटरमध्ये तेवढाच गेला पाहिजे.