मदत हवी आहे: १९३७चा भायखळा-परळ मतदारसंघ (मतदारयादी, हद्द, उमेदवार)

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा परळला चाळीत राहायचे, गिरणीत साचेखात्यात (विणकाम विभागात) होते. मी लहान असताना ते नेहमी सांगायचे, "सदतीस साली मी माझी सगळी मतं बाबासाहेबांना दिली." एका माणसाची 'सगळी' मतं कशी असतील? मला वाटायचं, वयामुळे बोलण्यात घोळ होतोय. आता घराण्याची हकिकत लिहायला घेतली तेव्हा कळलं, की आजोबांचा शब्द न् शब्द खरा होता.

१९३५च्या कायद्याप्रमाणे मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. पुणे करारानंतर त्यांतल्या १५ अस्पृश्यांसाठी राखीव झाल्या. या राखीव जागा एकापेक्षा जास्त सदस्य निवडणाऱ्या मतदारसंघांत असत. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला मिळत, आणि मुंबई प्रांतात ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. सगळ्या जातींचे मतदार एकत्र मत देणाऱ्या संयुक्त मतदारसंघात दलितांची मतं संख्येने कमी पडणार, ही बाबासाहेबांची मोठी चिंता होती. मतं अशी एकवटता आली म्हणून त्यांना थोडंफार बळ मिळालं. आजोबांनी नेमकं तेच केलं होतं.

बाबासाहेब भायखळा-परळमधून आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. पूर्वी ते परळच्याच बीआयटी चाळीत राहिलेले, त्यामुळे आमच्या लोकांना ते घरचेच वाटत. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभं केलं बाळू पालवणकरांना! १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज चर्मकार समाजातला, आणि हिंदू क्रिकेट संघाचा कणा. मतं पडली बाबासाहेबांना १३,२४५, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक म्हणजे लढत चांगलीच चुरशीची झाली असणार. बाळूंबद्दलही आजोबा फार आदराने बोलत. त्यांच्याविरुद्ध मत द्यावं लागलं, ही बोच त्यांना शेवटपर्यंत राहिली.

याच मतदारसंघाचे आमदार म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ला खोती (कोकणात कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत) नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. परळ-भायखळ्यातले किती तरी गिरणी कामगार कोकणातले, गावी त्यांच्या घरच्यांच्या मानेवर खोत बसलेला. म्हणून मला हे विधेयक थेट आमच्या चाळीचं वाटतं.

आता मदत हवी आहे ती अशी. तेव्हा मताधिकार सरसकट नव्हता, म्हणून आजोबांचं नाव छापील मतदारयादीत डोळ्यांनी बघायचंय. १९३७ची मुंबई शहराची यादी कुणी हाताळली आहे का? एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात ती कोणत्या खात्याच्या दप्तरात मागावी? मतदारसंघाची हद्द दाखवणारा नकाशा किंवा राजपत्रातली अधिसूचना कुणी पाहिली असेल तर तेही सांगा. तिथल्या सर्वसाधारण जागेवर निवडून आलेल्यांची नावं, आणि १९४६च्या निवडणुकीत तिथून कोण आलं, तेही हवंय. बाबासाहेबांच्या 'जनता' साप्ताहिकाचे फेब्रुवारी १९३७चे अंक कुणाकडे असतील तर प्रचारसभांच्या बातम्यांचे फोटो पाठवाल का?

आणि एक. तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा या मतदानाबद्दल काही सांगत असतील, तर ऐकीव असलं तरी लिहा. 'सगळी मतं' असं म्हणणारे अजून कुणी भेटले तर मला फार बरं वाटेल.

येत्या शनिवारी सुट्टी काढून फोर्टला जातोय. त्याआधी काही सुचवलंत तर फेरी वाया जाणार नाही.