विषय: ओडिसीचं सर्व्हिसिंग – डीलर १,०८३ डॉलर म्हणतोय

नमस्कार मंडळी,

मोदकांच्या ऑर्डरींच्या गर्दीत हा मेल घुसवतेय, माफ करा. आमची होंडा ओडिसी, २०१६ ची, ६२ हजार मैल. परवा डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह आणि ‘बी १३’ असं आलं म्हणून आज सकाळी डीलरकडे टाकली. तासाभरात सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन. ऑइल आणि टायर रोटेशन १२९, ट्रान्समिशन फ्लश २८९, ब्रेक फ्लुइड १६९, फ्युएल इंजेक्शन क्लीनिंग २१९, इंजिन फ्लश ९९, दोन्ही एअर फिल्टर १७८. ‘६० हजारांचं पॅकेज आहे मॅडम, पाचपर्यंत सांगा.’

नवरा पुण्यात, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलाय, तिथे मध्यरात्र. हो म्हणू का?

– मृण्मयी, प्लेझंटन, कॅलिफोर्निया

*

मृण्मयी,

आधी शांतपणे चहा घे. पाचची वेळ त्याची आहे, तुझी नाही.

तुझ्या गाडीनेच तुला काय हवंय ते सांगितलंय. ‘बी’ म्हणजे ऑइल, ऑइल फिल्टर आणि ब्रेक, सस्पेन्शन वगैरेची तपासणी. ‘१’ म्हणजे टायर रोटेशन. ‘३’ म्हणजे ट्रान्समिशन फ्लुइड. कप्प्यातलं ओनर्स मॅन्युअल काढ, मेंटेनन्स माइंडरच्या, म्हणजे डॅशबोर्डवर हे कोड दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, पानावर हे सगळं दिलंय. ‘६० हजारांचं पॅकेज’ मात्र त्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. ते डीलरने बांधलंय.

म्हणजे ट्रान्समिशनचं (गिअरबॉक्सचं) त्याचं म्हणणं खोटं नाही, पण ‘फ्लश’, म्हणजे मशीन लावून सगळं फ्लुइड ढकलून काढणं, नको. खालचा बोल्ट काढून जुनं फ्लुइड सोडायचं आणि होंडाचं डीडब्ल्यू-१ भरायचं, एवढंच सांग. ‘ड्रेन अँड फिल’ हेच शब्द वापर.

इंजिन फ्लशला, म्हणजे ऑइलमध्ये रसायन ओतून इंजिन धुण्याला, सरळ नाही म्हण. ऑइलमध्ये वेगळं काही घालायची गरज नाही, उलट त्याने इंजिनला त्रास होऊ शकतो, हे होंडाच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय. इंजेक्शन क्लीनिंगचंही तेच. अमेरिकेत १९९५ पासून सगळ्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारं रसायन घालणं सक्तीचं आहे. गाडी धक्के देत नसेल, मायलेज पडलं नसेल, तर ते २१९ डॉलर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

फिल्टरसाठी ‘२’ आलेलं नाही. तरी वणव्यांच्या धुरानंतर केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा, बघावाच, पण स्वतः. ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, दहा मिनिटांचं काम.

आणि कॅलिफोर्नियात दुरुस्तीआधी लेखी अंदाज द्यावाच लागतो. तुझ्या होकाराशिवाय त्यापुढे काम करता येत नाही. जुने भाग बघायचे असतील तर काम सुरू व्हायच्या आधी सांगून ठेव.

– अविनाशकाका

*

काका, पटलं, पण एक विरुद्ध बाजू लिहितो.

मी सगळ्यालाच नाही म्हणणारा माणूस. ‘हे लोक लुटतात’ हे माझं ब्रीदवाक्य. आमच्या जुन्या ओडिसीला एक लाख मैलांच्या आसपास माइंडरने ‘४’ दाखवला, डीलरने टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा इंजिनातला पट्टा) बदला म्हणून सांगितलं, मी हसून गाडी घेऊन आलो. पुढे हेवर्डजवळ ८८० फ्रीवेवर बेल्ट तुटला, इंजिन बंद. या व्ही-६ इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. सगळे व्हॉल्व्ह वाकले. मुलीला पोहायच्या क्लासला उशीर झाला म्हणून ती रडत होती आणि मी टो ट्रकची वाट बघत रस्त्याच्या कडेच्या पट्टीत उभा. दुरुस्तीचा आकडा इथे लिहीत नाही, बायको ही लिस्ट वाचते.

त्याच डीलरने तेव्हा माझ्यासमोर इंजिन फ्लशही ठेवला होता. दोन्ही एकाच कागदावर, एकाच अक्षरात. मला फरक कळला नाही, हे माझं दुखणं.

म्हणून मृण्मयी, ब्रेक फ्लुइडचं काकांनी लिहिलं नाही ते मी लिहितो. होंडा म्हणते दर ३ वर्षांनी, मैल कितीही होवोत. ते हवेतला ओलावा पितं आणि मग कमी तापमानाला उकळतं, आणि उकळलं की ब्रेक नीट लागत नाही. डॉट-३ प्रतीचं असेल तर नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावा धरलेलं किमान १४०. टाहोहून परतताना डोनर समिट घाटाचा उतार आठव, तिथे ब्रेक किती तापतात ते. शेवटचं कधी बदललं?

– संदीप

*

संदीपदादा, पावत्यांची फाइल उपसली. कधीच नाही! आठ वर्षांत एकदाही नाही.

– मृण्मयी

*

मधेच विचारतो. आमची नवी होंडा सीआर-व्ही वॉरंटीत आहे. सर्व्हिसिंग बाहेर केलं तर वॉरंटी जाते ना?

– केदार

*

नाही जात. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, फक्त आपल्याकडेच सर्व्हिसिंग करा अशी अट कंपनीला घालता येत नाही. मात्र तारीख आणि मैल लिहिलेल्या पावत्या जपून ठेव. उद्या इंजिनाचं काही निघालं तर त्याच उपयोगी पडतील.

– अविनाशकाका

*

मंडळी,

झालं एकदाचं. फोनवर तीन कामं सांगितली आणि ‘ड्रेन अँड फिल’ म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता, मग ‘शुअर मॅडम’. ते १४९ मध्ये झालं. ऑइल, टायर आणि ब्रेक फ्लुइड धरून ४४७. इंजिन फ्लश का नको असं त्याने एकदाही विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

बेल्टसाठी एक लाख मैलांची नोंद फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलीय, संदीपदादांच्या नावाने.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, ‘मी असतो तर हो म्हणून मोकळा झालो असतो.’

केबिन फिल्टर मी आणि धाकट्याने बदलला. जुन्यात रेडवूडच्या सुया, काळी धूळ आणि काहीतरी पिसासारखं, जे काय आहे ते आम्ही शोधलं नाही. दोनचा पॅक स्वस्त पडला, त्यामुळे एक जादा आहे. २०११ ते १७ मधली ओडिसी कोणाकडे असेल तर कळवा, शनिवारी मोदक घ्यायला येताना घेऊन येते.

– मृण्मयी