आईच्या फोनवर आपला गणेशोत्सव अंधारा का दिसतो?

विषय: गणेशोत्सवाच्या चित्रणाबाबत मदत हवी आहे
प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम गिरगाव, मुंबई

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेले दोन आठवडे मी आईकडे गिरगावात आहे. मंडळातल्या जाणकारांना एक अडचण कळवून सल्ला विचारावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. यंदाच्या गणेशोत्सवातला मुलांचा नाट्यप्रवेश आणि त्यानंतरचे लेझीम यांचे चित्रण सांस्कृतिक समितीने मंडळाच्या ड्राइव्हवर ठेवले आहे. माझी मुलगी लेझमाच्या पहिल्या रांगेत असल्यामुळे आईने ती फाइल मोठ्या हौसेने आपल्या अँड्रॉइड फोनवर उतरवून घेतली, परंतु तिला ती धड पाहताच येत नाही. ब्राइटनेसची पट्टी शेवटपर्यंत सरकवली तरी नाट्यप्रवेश मळकट आणि रंग उडालेला दिसतो, आणि लेझीम सुरू झाल्यापासूनचा भाग तर कातरवेळी दिवा न लावलेल्या खोलीत पाहावे इतका अंधारा आहे. मुलांच्या पांढऱ्या टोप्या राखेच्या रंगाच्या वाटतात. त्याच फोनवर यूट्यूबवरची कीर्तने, बातम्या आणि नातवंडांचे फोटो मात्र स्वच्छ दिसतात.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात फोन दाखवला. तिथल्या गृहस्थांनी व्हिडिओ सुरू करूनही पाहिला नाही. फोन उलटसुलट केला आणि डिस्प्ले गेला आहे, साडेचार हजार रुपये पडतील, असे सांगितले. पैशांपेक्षा मला काळजी आहे ती आईच्या समजुतीची. गेल्या वर्षी तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि आता डोळाच पुन्हा बिघडला असे तिने मनाशी ठरवून टाकले आहे. निरांजनाला वारा लागू नये म्हणून धरावा तसा तळहात फोनवर आडवा धरून ती नातीला शोधत बसते, ते माझ्याच्याने बघवत नाही. डिस्प्ले बदलावा का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

---

विषय: उत्तर: गणेशोत्सवाच्या चित्रणाबाबत मदत हवी आहे
प्रेषक: एक सभासद, ध्वनिचित्र विभाग

आदरणीय ताई आणि सर्व सभासद,

डिस्प्ले बदलू नका. व्हिडिओंच्या रंगसंस्करणाचे काम मी पुष्कळ वर्षे करतो आहे. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवरून, म्हणजे बाकी सारे स्वच्छ दिसते यावरून आणि एकाच फाइलचे दोन भाग दोन प्रकारे अंधारे आहेत यावरून, दोष काकूंच्या फोनच्या काचेत नाही आणि त्यांच्या डोळ्यांतही नाही, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. तरीही खात्री करून घेणे आपल्या हातात आहे. अंधार स्क्रीनमध्ये आहे की चित्रात, हे आधी ठरवावे. बाकीचे सगळे त्यानंतर.

व्हिडिओ लेझमापाशी थांबवून ठेवा आणि वरून सूचनांचा पडदा खाली ओढा. त्यातली पांढरी अक्षरे झगझगीत दिसली आणि मागचे चित्र तेवढे काळवंडलेले राहिले, तर स्क्रीन पुरेसा उजेड देते आहे, असे समजावे. दुसरी चाचणी त्याहून पक्की आहे. त्या थांबवलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून तुमच्या स्वतःच्या फोनवर पाठवा. तुमच्या फोनवर तो नेहमीसारखा उजळ दिसला, तर काकूंच्या स्क्रीनचा प्रकाशच कमी पडतो आहे. तिथेही अंधाराच दिसला, तर अंधार चित्रातच आहे आणि दहा डिस्प्ले बदलले तरी तो जाणार नाही. ही चाचणी चित्रपटांच्या सशुल्क ॲपवर मात्र करू नये, कारण त्यांतील अनेक ॲप स्क्रीनशॉट मुद्दामच काळा करतात आणि उगीच गोंधळ होतो.

अंधार चित्रात निघाला तर त्याचे कारण बहुधा एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा आवाका साठवणारी चित्रणपद्धत) असेल, आणि ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या चित्रणाला ते लागू पडते. जुन्या, साध्या पद्धतीच्या व्हिडिओत पांढऱ्या रंगाला सिग्नलची, म्हणजे उजेड नोंदवणाऱ्या आकड्यांची, जवळजवळ सगळी पट्टी मिळत असे, आणि त्या पद्धतीत सर्वांत उजळ पांढऱ्यासाठी १०० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) हा संदर्भ धरलेला होता. एचडीआरमध्ये त्या पांढऱ्याच्याही वर दिव्यांची, दागिन्यांची, पाण्यावरच्या उन्हाची चमक साठवायची असते, म्हणून साध्या पांढऱ्या वस्तूला पट्टीत खाली सरकावे लागते. बीबीसी आणि जपानची प्रसारण संस्था एनएचके यांनी मिळून विकसित केलेली एचएलजी ही त्यातली एक पद्धत, आणि १०,००० निट्सपर्यंतचा उजेड नोंदवू शकणारी पीक्यू ही दुसरी. या दोन्ही पद्धती २०१६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.२१०० या शिफारशीत एकत्र आल्या. त्याच संघाच्या मार्गदर्शनानुसार पांढरा कागद किंवा पांढरे कापड एचएलजीमध्ये सिग्नलच्या ७५ टक्क्यांवर बसते आणि पीक्यूमध्ये अवघ्या ५८ टक्क्यांवर.

आता हा व्हिडिओ ज्या प्लेअरला एचडीआर उमगत नाही त्याच्या हाती पडला, की तो हे आकडे जुन्याच पद्धतीने वाचतो. सिग्नल निम्मा झाला म्हणजे उजेडही निम्माच होतो असे नसते; तो त्याहून पुष्कळ जास्त घसरतो. ७५ टक्के सिग्नल साध्या स्क्रीनवर पूर्ण पांढऱ्याच्या साधारण निम्माच उजेड देतो आणि ५८ टक्के सिग्नल तर सुमारे ३० टक्के. मुलांच्या टोप्या राखाडी का झाल्या याचे उत्तर इथे आहे. रंग उडालेले दिसतात तेही याच गैरसमजामुळे, कारण एचडीआरमध्ये रंगांचा आवाकाही अधिक रुंद धरलेला असतो. ब्राइटनेसची पट्टी सरकवून उपयोग होत नाही तो यासाठीच: पट्टी सगळ्या स्क्रीनचा उजेड वाढवते, परंतु टोपीला तिच्या हक्काची जागा परत मिळवून देत नाही.

माझा तर्क असा आहे की नाट्यप्रवेश एका फोनवर आणि लेझीम दुसऱ्या फोनवर चित्रित झाले असावे. २०२० सालच्या आयफोन १२ पासून त्या फोनांवर एचडीआर चित्रणाची सोय आहे आणि त्याच्या मुळाशी एचएलजी असते; सॅमसंगच्या काही फोनांवर एचडीआर१०+ हा पर्याय निवडता येतो आणि तो पीक्यूवर बेतलेला आहे. पहिला भाग मळकट आणि दुसरा अंधारा, हे लक्षण या दोन पद्धतींशी तंतोतंत जुळते. सांस्कृतिक समितीने कृपया हे तपासून कळवावे.

स्क्रीनशॉट उजळ निघाला, तर मात्र शोध फोनमध्ये घ्यावा लागेल. स्वयंचलित ब्राइटनेस, बॅटरी सेव्हर आणि अँड्रॉइड १२ पासून आलेला जास्तीचा मंद उजेड देणारा पर्याय हे आधी पाहावेत. पुष्कळ प्लेअरांत चित्राच्या डाव्या बाजूवर बोट खाली ओढले की त्या ॲपपुरता उजेड कमी होतो, आणि ज्येष्ठांचा फोन धरताना अंगठा नेमका तिथेच असतो. फोन चार्जिंगला लावून खिडकीच्या उन्हात व्हिडिओ पाहिला तर तापलेला फोन स्वतःच स्क्रीन मंद करतो. ऑक्टोबरातल्या मुंबईत हे सहज घडते. एक चाचणी आवर्जून करा: स्वयंचलित ब्राइटनेस चालू ठेवून फोनच्या वरच्या कडेला, कानाशी येणाऱ्या जाळीजवळ, बॅटरीचा झोत टाका. स्क्रीन उजळली नाही तर स्क्रीन गार्डने प्रकाशाचा सेन्सर झाकला असण्याची शक्यता आहे.

काकूंना माझा नमस्कार सांगा. फोटो स्वच्छ दिसत असतील तर या व्हिडिओवरून डोळ्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. तरीही शस्त्रक्रियेनंतर काही काळाने दृष्टी पुन्हा धूसर होऊ शकते आणि त्यावर उपाय असतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांची नेहमीची भेट त्यांनी चुकवू नये.

---

विषय: उत्तर: उत्तर: गणेशोत्सवाच्या चित्रणाबाबत मदत हवी आहे
प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम गिरगाव, मुंबई

आदरणीय दादा,

आपण इतक्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही चाचण्या आईला शेजारी बसवून केल्या. सूचनांच्या पडद्यावरची अक्षरे पांढरीशुभ्र होती आणि मागे लेझीम काळोखात. स्क्रीनशॉट माझ्या फोनवर आला तोही तसाच काळवंडलेला. तो पाहिल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "म्हणजे तुलाही दिसत नाही ना?" हे वाक्य ऐकण्यासाठी मी दुकानात साडेचार हजारही दिले असते.

बॅटरीच्या झोताची चाचणीही केली आणि तिथे आणखी एक गोष्ट सापडली. झोत टाकूनही स्क्रीन ढिम्म हलली नाही. भिंगातून पाहिले तेव्हा गार्डची काळी किनार केसाएवढी खाली सरकलेली दिसली आणि जाळीलगतचा बारीक ठिपका तिच्याखाली गेला होता. नाक्यावरच्या मुलाने गार्ड काढून दुसरे नीट बसवून दिले. दुपारी चाळीच्या गॅलरीत बसून बातम्या पाहताना फोन मंदावतो, ही आईची जुनी तक्रार त्यामुळे दूर झाली. लेझमाचा व्हिडिओ मात्र अजून जसाच्या तसा आहे, म्हणजे हे दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी एकाच फोनवर नांदत होते.

एक उपप्रश्न आहे. माझ्या मामांकडे आयफोन आहे. त्यांच्याकडे हाच व्हिडिओ उत्तम दिसतो, परंतु शेवटी रंगीत दिव्यांची उघडझाप सुरू झाली की चित्र मध्येच मंद होते आणि दिवे थांबले की पूर्ववत होते. हे कशामुळे होत असेल?

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: गणेशोत्सवाच्या चित्रणाबाबत मदत हवी आहे
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

सर्वांस नमस्कार. याच विषयात माझा एक अनुभव उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. गेल्या मे महिन्यात मी दादरला असताना शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून फोनवर क्रिकेटचा सामना पाहत असे. फोन उभा धरला की सारे ठीक, आणि चित्र मोठे करण्यासाठी आडवा केला की स्क्रीन जवळजवळ काळी. दोन दिवस मी फोनलाच दोष देत होतो. शेवटी नातवाने माझ्या डोळ्यांवरचा गॉगल काढून घेतला आणि आडव्या फोनवर चित्र लख्ख दिसले. पोलराइज्ड काचा एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडतात आणि फोनच्या स्क्रीनमधून येणारा प्रकाशही बऱ्याचदा तसाच एका दिशेचा असतो. त्या दोन दिशा काटकोनात आल्या की अंधार होतो. व्हिडिओ आपण आडव्या फोनवर पाहतो आणि फोटो बहुधा उभ्या, त्यामुळे व्हिडिओच तेवढा बिघडल्याचा भास होतो.

---

विषय: गणेशोत्सवाचे चित्रण: नवी लिंक आणि दिवाळीसाठी सूचना
प्रेषक: सांस्कृतिक समिती

सस्नेह नमस्कार,

ध्वनिचित्र विभागाचा तर्क खरा ठरला. नाट्यप्रवेश एका स्वयंसेवकाच्या आयफोनवर चित्रित झाला. लेझमाच्या आधी त्याची बॅटरी संपल्यामुळे पुढचे चित्रण दुसऱ्याच्या फोनवर केले गेले आणि त्यात एचडीआर१०+ चालू होते. दोन्ही मूळ फायली आता यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असलेल्यांनाच दिसतील अशा, ठेवल्या आहेत. ज्या फोनला एचडीआर दाखवता येत नाही त्याच्यासाठी यूट्यूब स्वतःच साध्या पद्धतीची प्रत तयार करते, त्यामुळे घरच्यांना ड्राइव्हऐवजी हीच लिंक पाठवावी. मूळ फायली ड्राइव्हवर जपून ठेवल्या आहेत, कारण उद्या चांगल्या टीव्हीवर पाहायच्या झाल्या तर त्याच अधिक देखण्या दिसतील.

आपल्या चित्रणाचे निम्मे प्रेक्षक मुंबई, पुणे, नाशिकला, साध्या फोनवर पाहणारे आहेत, हे चित्रण करताना आमच्या ध्यानात यायला हवे होते. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी चित्रण करणाऱ्यांनी आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ या क्रमाने जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करावा, आणि इतर फोनांवर कॅमेऱ्याच्या प्रगत व्हिडिओ पर्यायांतील एचडीआर१०+ बंद करावे. पडदा उघडण्यापूर्वी समितीचे कोणीतरी प्रत्येक फोन हातात घेऊन हे पाहील.

ताईंच्या मामांच्या प्रश्नाबद्दल: आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या १६.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ सालापासून, सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीमधील मोशन या भागात उघडझाप करणारे दिवे मंद करण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर व्हिडिओतील दिवे लुकलुकू लागताच फोन चित्र आपणहून मंद करतो. लुकलुकत्या दिव्यांचा त्रास होणाऱ्यांसाठी ती सोय आहे. मामांना तसा त्रास नसेल तरच ती बंद करावी.

---

विषय: उत्तर: गणेशोत्सवाचे चित्रण: नवी लिंक आणि दिवाळीसाठी सूचना
प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम गिरगाव, मुंबई

नमस्कार,

मामांच्या फोनवर तो पर्याय चालूच होता. त्यांना दिव्यांचा त्रास होत नाही, म्हणून तो बंद केला आणि शेवटचा भाग आता अखंड उजळ दिसतो. आईने नवी लिंक काल रात्री उघडली. तळहाताचा आडोसा न करता तिने लेझीम तीनदा पाहिले, चौथ्यांदा मध्येच थांबवले आणि पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या टोपीवर बोट ठेवून मला विचारले, की पोरीची टोपी अशी तिरकी का घातली आहे, तिला पिन लावायला कोणी नव्हते का.