एचडीएमआय केबलचा स्पीड ओळखायचा कसा
टीव्हीला चित्र नि आवाज पोचवणाऱ्या एचडीएमआय केबलच्या पाकिटावर व्हर्जन २.१ छापलंय, तरी ४के १२० ला (म्हणजे ४के चित्र, सेकंदाला १२० फ्रेम) स्क्रीन मधेच काळी का होते विचारलंयस, तर भावा, व्हर्जन केबलला नसतंच, ते टीव्हीच्या नि गेमिंग बॉक्सच्या पोर्टला असतं. मोबाईलची बॅटरी मारून केबलच्या अंगावरची बारीक अक्षरं वाच, नुसतं हाय स्पीड असेल तर १०.२ जीबीपीएस (सेकंदाला इतके गिगाबिट डेटा) म्हणजे ४के ३०, प्रीमियम हाय स्पीड १८, त्यात ४के ६० निघतंय, आणि तुला पायजे ती अल्ट्रा हाय स्पीड, ४८ वाली. तिच्या खोक्यावर क्यूआरवालं लेबल असतंय, ते एचडीएमआयच्या ॲपनं दुकानातच स्कॅन कर. आता सांगलीत विश्रामबाग काय नि गणपती पेठ काय, कुठल्याबी दुकानात खोक्याबिगर सुटी केबल दिली तर घेऊच नको, सोनेरी पिनांनी स्पीड वाढत नाय!