थेंबांनी घडवलेल्या गुहा

कान्हेरी आणि घारापुरी पाहिलेल्या मुंबईकराला बोरा गुहांत वेगळे काय दिसणार, या आपल्या प्रश्नाला जोडून लिहितो. आपल्याकडील लेणी माणसाने ज्वालामुखीजन्य खडकात छिन्नीने कोरली. विशाखापट्टणमहून एका दिवसात पाहून येता येणाऱ्या बोरा गुहा मात्र चुनखडीच्या आहेत, आणि तेथे कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी झालेल्या पाण्याने आधी खडक विरघळवला, मग छतातून ठिबकताना तोच वायू सोडून देत, चुन्याचा थर थेंबाथेंबाने मागे ठेवून लवणस्तंभ उभे केले. बोटभर वाढीलाही शेकडो वर्षे लागू शकतात. म्हणूनच ते स्तंभ हाताळले जाताना पाहून मला फार वाईट वाटले, कारण त्वचेचा तेलकटपणा लागलेल्या जागी नवा थर नीट बसत नाही. गर्दी पुढे गेल्यावर मी बराच वेळ थेंबांचा आवाज ऐकत उभा होतो.