ठरवलेला दिवस आणि मिळालेला दिवस : ख्रिस्ती गृहिणींचे अनुभव

दर वर्षाच्या आरंभी मी एका वहीत उद्दिष्टे लिहिते. गेली 17 वर्षे हा क्रम चालू आहे. वही बदलते, उद्दिष्टे मात्र फारशी बदलत नाहीत : पवित्र शास्त्राचे नित्य वाचन, कुटुंबाची सायंप्रार्थना, मुलांवर आवाज न चढवणे, कपाटे आवरणे आणि राहून गेलेले शिवणकाम. यंदा साऱ्या जुन्या वह्या एकत्र काढून वाचल्या, तेव्हा ध्यानात आले की कपाटे दरवर्षी आवरली गेली आणि आवाजही दरवर्षी चढला.

कपाटांची नोंद ठेवता येते, म्हणून ती आवरली जातात. धीर, ममता, प्रार्थना यांची नोंद कशी ठेवावी हे मला आजवर उमगलेले नाही. शिवाय घरकामाचा स्वभावच असा की सकाळी केलेले काम संध्याकाळी जणू केलेच नव्हते असे दिसते, त्यामुळे दिवसाच्या शेवटी देवापुढे ठेवण्यासारखे हाती काय उरले, असा प्रश्न पडतो. उद्या अमुक नगरात जाऊ, तेथे वर्षभर राहून व्यापार करू आणि नफा मिळवू असे म्हणणाऱ्यांना याकोब आपल्या पत्राच्या 4थ्या अध्यायात सांगतो की, प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि अमुक करू, असे म्हणत जा. त्या व्यापाऱ्याला वर्षाचा बेत सोडावा लागत असेल. गृहिणीला दहा वाजताचा बेत सव्वादहाला सोडावा लागतो.

म्हणून अनुभव मागवीत आहे. यशाच्या साक्षी आपण उपासनेत पुष्कळ ऐकतो, त्या येथे नसल्या तरी चालेल. जे ठरवले ते झाले नाही, त्या दिवसाचे तुम्ही देवापुढे काय केले, एवढेच मनमोकळेपणाने लिहावे.

—

दोन लहान मुलांची आई :

थोरले मूल चार वर्षांचे आणि धाकटे दीड वर्षाचे आहे. लग्नापूर्वी मी पहाटे उठून तासभर मनन करीत असे आणि मूल झाल्यावरही तेच करायचे, असा माझा निर्धार होता. मार्काच्या 1ल्या अध्यायातील 35वे वचन मी सुंदर अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले होते : येशू भल्या पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात गेला आणि तेथे त्याने प्रार्थना केली. मी पाच वाजता उठे. सव्वापाच वाजता धाकटे उठे. साडेचारला उठून पाहिले, तर तेही पावणेपाचला उठू लागले. माझ्या पावलांची चाहूल त्याला कशी लागते हे तोच जाणे. काही महिने मी रोज सकाळी चिडलेल्या मनाने दिवस सुरू केला आणि चिडण्याचे कारण काय, तर प्रार्थना!

एके दिवशी त्याला मांडीवर घेऊन तोच अध्याय वाचताना पुढच्या दोन वचनांकडे प्रथमच लक्ष गेले. शिमोन आणि त्याचे सोबती येशूला शोधीत मागोमाग आले आणि म्हणाले की सगळे तुला शोधत आहेत. म्हणजे त्या प्रार्थनेतही कोणीतरी आलेच होते. प्रभू त्यांच्यावर रागावला असे तेथे लिहिलेले नाही; चला, आसपासच्या गावांत जाऊ, असे तो म्हणाला आणि निघाला. ही पुढची वचने मी भिंतीवर लावली नव्हती. आता मी प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणते, बाळ मांडीवर असते आणि ते एकच शब्द म्हणते, "आमेन", तोही भलत्याच ठिकाणी.

—

नोकरी सोडून घर सांभाळणारी :

मी 11 वर्षे हिशेबनीस होते. घरी राहण्याचा निर्णय आम्ही दोघांनी प्रार्थनापूर्वक घेतला होता आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, परंतु पहिल्या वर्षी नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायाने माझे हाल केले. सद्गुणी स्त्रीचे ते वर्णन मी हिशेबनिसाच्या नजरेने वाचले : ती शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रे करून विकते, गरिबाला हात देते आणि रात्री तिचा दिवा मालवत नाही. या यादीतील किती गोष्टी आज झाल्या, याची मी रोज रात्री खूण करीत असे. रकाने बहुधा रिकामेच राहत.

पुढे महिलांच्या सभेत याच उताऱ्यावर बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली, म्हणून तो नीट अभ्यासला. 10व्या वचनापासून 31व्या वचनापर्यंत 22 वचने आहेत आणि मूळ भाषेत प्रत्येक वचन हिब्रू वर्णमालेतील पुढच्या अक्षराने सुरू होते. ती अक्षरेही 22च आहेत. म्हणजे ही कविता आहे, एका स्त्रीच्या आयुष्याचे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत केलेले कौतुक आहे, आणि मी मात्र तिला एका मंगळवारचे वेळापत्रक समजून बसले होते. दुसरे असे की 15व्या वचनात तिच्या दासींचा उल्लेख आहे, जो आमच्या एकाही व्याख्यानात मी ऐकला नव्हता. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : अध्यायाच्या आरंभीच म्हटले आहे की ही वचने लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवली. हा उपदेश आधी मुलाला केलेला आहे, घरातील स्त्रीचे मोल पुरुषाने ओळखावे म्हणून. शेवटी उठून तिची प्रशंसा करण्याचे काम पती आणि मुले करतात. आपण आपल्याला गुण द्यावेत असे त्यात कोठेही नाही. सभेत हे सांगितल्यावर काही भगिनी हसल्या, काहींनी डोळे पुसले. पाळकांनी पुढच्या वेळी हाच विषय पुरुषांच्या सभेत घ्यावा असे मी सुचवले आहे, अजून घेतलेला नाही.

न मालवणाऱ्या दिव्याच्या वचनाशेजारी मी पेन्सिलीने 127व्या स्तोत्राचा क्रमांक लिहून ठेवला आहे. तेथे पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणे व्यर्थ म्हटले आहे आणि देव आपल्या प्रियजनाला झोप देतो, असे आश्वासन आहे.

—

वाचनाची योजना अर्धवट राहिलेली :

माझे थोडक्यात आहे. पवित्र शास्त्रात 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत; वर्षात संपवायचे तर दिवसाला तीनाहून थोडे अधिक अध्याय होतात. मी रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकाची 1842 सालची योजना धरली होती, जिच्यात रोज साधारण चार अध्याय वाचून जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा होतात. तीन वर्षे मी लेवीयच्या पुस्तकातच अडकले. नंतर कळले की मॅकशेन अविवाहित होते, आणि मला फार हलके वाटले. आता तारखा खोडून टाकल्या आहेत, क्रम मात्र तोच ठेवला आहे. पाचवे वर्ष चालू आहे आणि मी यिर्मयापर्यंत आले आहे.

—

सासूबाईंची शुश्रूषा करणारी :

आमच्या सासूबाईंची स्मृती चार वर्षांपासून हळूहळू जात आहे. त्यांनी अनेक वर्षे मुलांना रविवारच्या शाळेत शिकवले, आणि आज त्यांना माझे नाव आठवत नाही. या काळात ध्येय हा शब्द माझ्या घरातून नाहीसाच झाला, कारण ध्येयाला उद्या लागतो आणि आमच्याकडे उद्याची खात्री देता येत नाही : आज त्या स्वतः जेवल्या म्हणून उद्या जेवतील असे नसते आणि आज घातलेली घडी उद्या मोडलेली असते.

निर्गमच्या 16व्या अध्यायातील मान्नाची, म्हणजे देवाने रानात पुरवलेल्या अन्नाची, गोष्ट त्यांनीच माझ्या मुलांना शिकवली होती. रानात इस्राएल लोकांना माणशी एक ओमर (हे एक माप) मान्ना रोज गोळा करायचा होता आणि ज्यांनी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याला किडे पडून दुर्गंधी सुटली. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता. धीराचे तसेच आहे असा माझा अनुभव आहे. पुढच्या सहा महिन्यांचा धीर मी आजच मागू लागले की तो मिळत नाही, आणि मिळाल्यासारखा वाटला तरी सकाळपर्यंत नासतो. आजच्या दिवसाचा मागितला तर पुरतो, कधी काठोकाठ पुरतो, कधी संध्याकाळी सातलाच संपतो. संपतो तेव्हा काय होते तेही लिहिते. एकदा दुपारी त्यांनी आपल्या आईबद्दल तोच प्रश्न बाराव्यांदा विचारला आणि मी ओरडले, "तुमची आई वारली, किती वेळा सांगू!" त्यांच्यासाठी ती बातमी त्या क्षणी नवीन होती. त्या रडल्या, लहान मूल रडते तशा. मी त्यांची क्षमा मागितली तेव्हा कशाबद्दल ते त्यांना आठवत नव्हते, तरी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. क्षमा करणाऱ्याला अपराध आठवतच नाही असे यिर्मया 31 मध्ये देवाविषयी वाचले होते. ते माणसाच्या रूपात असे समोर येईल, याची कल्पना नव्हती.

आता आईबद्दल विचारले की मी त्यांनाच त्यांच्या आईविषयी सांगायला लावते. 23वे स्तोत्र त्या अजून अडखळल्यावाचून म्हणतात. रात्री आम्ही दोघी ते म्हणतो आणि ज्या दिवशी माझा आवाज निघत नाही, त्या दिवशी त्या एकट्या म्हणतात.

—

थोडे वेगळे मत असलेली :

भांडी घासतानाही देव भेटतो असे पुष्कळ बोधपर लेखांत वाचते. मला भेटत नाही. मला भांडी घासताना पाठ दुखते आणि केव्हा एकदा आटोपते असे होते. याविषयी बहुधा ब्रदर लॉरेन्स यांचा दाखला देतात, जे पॅरिसच्या कार्मेलाईट मठात स्वयंपाकघरात काम करीत आणि 1691 साली वारले. परंतु त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे की स्वयंपाकघराची त्यांना मुळातच नावड होती आणि तरीही सुमारे 15 वर्षे त्यांनी ते काम देवाच्या प्रीतीखातर केले. हा भाग लोक गाळतात आणि मला नेमका हाच उपयोगी पडला. काम आवडलेच पाहिजे, अशी अट देवाने घातली आहे असे मला वाटत नाही. मी आता खोटे स्मित करीत नाही. "प्रभू, मला याचा कंटाळा आला आहे, तरी करते आहे," असे स्पष्ट सांगते, आणि माझ्या दिवसातील ती सर्वांत प्रामाणिक प्रार्थना असते.

—

रविवारी सर्वाधिक दमणारी :

विसाव्याचा दिवस हाच माझा सर्वांत कष्टाचा दिवस होता : सर्वांना वेळेवर तयार करून उपासनेला नेणे, परतल्यावर पाहुणे, मग आवराआवर. निर्गमच्या 20व्या अध्यायातील आज्ञेत तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशींच्या आतील परका, या सर्वांना विसावा आहे. पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. मी हे यजमानांना विनोदाने वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मुलीला आणि दासीलाही विसावा आहे, तर ज्या 'तू'ला ही आज्ञा आहे त्यात तूही असणारच." त्यानंतर शनिवारी रात्री दोन वेळचे करून ठेवण्यात सगळे हातभार लावतात. मान्नाचा सहावा दिवस आमच्याकडे असा पाळला जातो. कधीकधी मोडतोही.

—

एक पती :

पत्नीच्या आजारपणात आठ महिने घर मी पाहिले, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. योहानाचा 21वा अध्याय मी तीस वर्षे वाचत आलो आणि त्यात मला नेहमी येशूने पेत्राला तीनदा विचारलेला "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्नच दिसला. त्या आठ महिन्यांत प्रथमच 9वे वचन दिसले : शिष्य किनाऱ्याला लागले तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकरही होती. पुनरुत्थित प्रभूने रात्रभर राबलेल्या माणसांसाठी न्याहारी तयार ठेवली होती. प्रश्न त्याने त्यांचे खाणे झाल्यावर विचारला.

—

तीन मुलांची आई :

सुझाना वेस्ली यांना 19 मुले झाली आणि त्यांतील 10 जगली. त्या आठवड्यातील ठराविक वारी एकेका मुलाशी एकट्याने बसून बोलत. गुरुवार जॉनचा होता, शनिवार चार्ल्सचा. पुढे याच दोघांच्या कार्यातून मेथडिस्ट चळवळ उभी राहिली. मला तीनच मुले आहेत, तेव्हा हे सहज जमेल असे वाटून मी मोठ्या उत्साहाने तीन वार ठरवले. मधलीचा वार दुसऱ्याच आठवड्यात शिकवणीने घेतला, आणि धाकट्याला माझ्याशी बोलण्यापेक्षा माझ्या अंगावर चढणे अधिक आवडते, हे लवकरच स्पष्ट झाले.

राहिला तो थोरल्याचा मंगळवार. तो चौदा वर्षांचा आहे आणि फारसे बोलत नाही, त्यामुळे आम्ही वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसतो. कित्येक मंगळवार घड्यांखेरीज काहीही झाले नाही. मागच्या मंगळवारी मोज्यांच्या जोड्या लावता लावता त्याने विचारले की आपण रोज तेच तेच मागतो, तर देवाला कंटाळा येत नसेल का. मला तयार उत्तरे पुष्कळ ठाऊक होती, पण त्यांतले एकही दिले नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे.